फोन फोटो काढतो तेव्हा नेमकं काय करतो? फक्त फोन घेऊन प्रवासाला निघणाऱ्यांसाठी

एका कड्याच्या टोकावर तिघं जण उभे आहेत. समोर एकच सूर्यास्त, हातात तीन वेगळे फोन. रात्री मुक्कामी पोचल्यावर फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एकाचं आकाश केशरी, दुसऱ्याचं गुलाबी आणि तिसऱ्याचं जवळजवळ पांढुरकं. तिघांची तक्रार मात्र एकच: डोळ्यांना दिसलं ते यातलं एकही नव्हतं.

प्रवासात फक्त फोनवर भिस्त ठेवणाऱ्यांना असले प्रश्न नेहमी पडतात. दिवसा झकास फोटो देणारा फोन रात्री माणसाचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा का करतो? छाती दडपून टाकणारा डोंगर फोटोत टेकाडाएवढा का होतो? बर्फ राखाडी का दिसतं? आणि २०२३च्या मार्चमध्ये चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला, तेव्हापासून तर मुळालाच हात घालणारा प्रश्न उभा राहिलाय: फोन जो देतो त्याला फोटो म्हणायचं की चित्र?

ही कोडी एकाच जागी सुटतात. पूर्वीचा कॅमेरा एका क्षणी आत आलेला उजेड नोंदवायचा. फोन तेवढ्यावर थांबत नाही. तो एकामागोमाग अनेक फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सरासरी काढतो, सावल्या उजळतो, आकाश दाबतो, कातडीचा रंग ठरवतो, कडा टोकदार करतो आणि मग आपल्या हातात एक फोटो ठेवतो. याला कॉम्प्युटेशनल फोटोग्राफी म्हणतात. आपण त्याला हिशेबी फोटो म्हणू. या हिशेबातले काही निर्णय फोन आपल्यापेक्षा फार चांगले घेतो. बाकीचे त्याच्यावर सोडले, की प्रवासातले फोटो सपाट आणि कुणाचेही वाटावेत असे होतात. ते वेगळे ओळखायचे, तर आधी फोनची अडचण समजून घ्यायला हवी.

## घमेलं आणि वाटी

लेन्समधून आलेला उजेड ज्या चिपवर पडतो ती म्हणजे सेन्सर. व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात त्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. चांगल्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० × ७ मिलिमीटरच्या आसपास भरतो. क्षेत्रफळात बारा पट फरक. त्याच फोनच्या इतर लेन्समागचे सेन्सर बहुधा याहूनही लहान असतात. जाहिरातीतल्या ‘एक इंची’ सेन्सरने हुरळून जाऊ नका. तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटर असतो आणि त्याचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटर भरतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय आणि अजून चिकटून राहिलंय.

आता पावसात अंगणात एक घमेलं आणि एक वाटी ठेवली आहे असं समजा. मुसळधार पावसात दोन्ही भरून वाहतात; त्यांच्यात फरक करायचं कारणच उरत नाही. भर दुपारी फोनचा फोटो मोठ्या कॅमेऱ्याच्या तोडीस तोड वाटतो तो यामुळे. पण नुसती भुरभुर असेल तर? घमेल्यात बऱ्यापैकी पाणी साठतं. वाटीत पाच थेंब पडतील, नाहीतर आठ. सगळा नशिबाचा भाग. सेन्सरवर अशा कोट्यवधी वाट्या रांगेने मांडलेल्या असतात. उजेड कमी असेल तेव्हा शेजारशेजारच्या दोन वाट्यांत कमीजास्त थेंब पडतात आणि एकसंध दिसायला हवी ती भिंत फोटोत ठिपक्याठिपक्यांची दिसते. या ठिपक्यांना नॉईज म्हणतात.

मग फोनमध्ये मोठा सेन्सर का बसवत नाहीत? कारण सेन्सर जितका मोठा, तितकी लेन्स त्याच्यापासून दूर लागते आणि फोन तितका जाड होतो. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा दर काही वर्षांनी वाढत गेला, तो या ओढाताणीतून.

## डगमगता काटा

वाटी मोठी करता येत नाही, मग फोन काय करतो? तीच वाटी पुन्हा पुन्हा ठेवतो.

समजा तुमच्याकडे एक डगमगता तराजू आहे. एकदा तोललं की थोडं जास्त दाखवतो, दुसऱ्यांदा थोडं कमी. तीच वस्तू नऊ वेळा तोलून सरासरी काढली, तर चूक साधारण एक तृतीयांशावर येते. सोळा वेळा तोलली तर एक चतुर्थांशावर. फोन हेच फ्रेमच्या बाबतीत करतो. मार्क लेव्हॉय यांच्या गटाने गूगलच्या पिक्सेल फोनसाठी ‘नाइट साइट’ ही सोय २०१८ साली आणली, तेव्हा हातात धरलेल्या फोनने अंधारात स्वच्छ फोटो येऊ शकतो हे सामान्य माणसाला पहिल्यांदा नीट कळलं. त्यात जास्तीत जास्त पंधरा फ्रेम एकत्र केल्या जात. पुढच्या वर्षी आकाशातल्या ताऱ्यांसाठी फोन स्थिर ठेवून सोळा सोळा सेकंदांच्या पंधरा फ्रेम, म्हणजे एकूण चार मिनिटं, अशी मजल गेली.

सरासरीची एक अट आहे: तोलायची वस्तू मधेच बदलता कामा नये. सगळ्या फ्रेममध्ये भिंत तीच, पण माणूस हलला तर? हलणाऱ्या भागापुरती सरासरी फोनला सोडून द्यावी लागते, नाहीतर एका माणसाला तीन हात दिसतील. मग त्या भागातला नॉईज तो दुसऱ्या मार्गाने काढतो: ठिपके पुसून टाकतो. ठिपक्यांबरोबर त्वचेचा पोत, पापण्या, केसांच्या बटाही पुसल्या जातात. मेणाचा चेहरा येतो तो इथून.

हे कळलं की रात्री काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. ज्याचा फोटो काढायचा त्याला दिव्याकडे तोंड करून दोन-तीन सेकंद स्थिर उभं राहायला सांगा. आपली कोपरं बरगड्यांना टेकवा, पाठ भिंतीला लावा. त्याहून चांगलं म्हणजे फोन दगडावर किंवा कठड्यावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा. फोन अगदी स्थिर आहे हे कळलं की बरेचसे फोन आपणहून जास्त वेळ उजेड गोळा करतात. फोनच्या फ्लॅशचा उजेड जेमतेम काही मीटर पोचतो. समोरच्या दरीवर किंवा दूरच्या रोषणाईवर तो चालवण्यात काही अर्थ नाही.

या हिशेबाची आणखी एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. कॅमेरा उघडला की तुम्ही बटण दाबायच्या आधीपासूनच फोन फ्रेम घेत असतो. शेवटच्या काही फ्रेम तो जवळ ठेवतो, जुन्या टाकत जातो. दिवसा बटण दाबलं की त्या साठ्यातल्या फ्रेम वापरल्या जातात. मान वळवणारा पक्षी किंवा हसू फुटलेलं मूल बोटाला उशीर होऊनही सापडतं ते त्यामुळे. रात्रीच्या मोडमध्ये मात्र बहुतेक वेळा बटण दाबल्यावरच नव्याने, सावकाश गोळा करणं सुरू होतं. म्हणून बटण दाबून लगेच फोन खाली घेऊ नये.

## मधल्या पट्टीचा हट्ट

आता बर्फाचं कोडं. फोटोत किती उजेड ठेवायचा याला एक्स्पोजर म्हणतात. कॅमेऱ्याला समोर काय आहे हे मुळात माहीत नसतं. तो एवढंच धरून चालतो की सगळ्या जगाची सरासरी काढली तर मध्यम राखाडी येईल. बहुतेक दृश्यांना हे लागू पडतं. पण सगळीकडे बर्फ असेल तर त्याला वाटतं उजेड फार झाला. तो कमी करतो आणि शुभ्र बर्फ मळकट होतं. काळ्या कातळासमोर उलटं होतं: कातळ फिकट, निर्जीव दिसतो. आजचे फोन समोरचं दृश्य ओळखून यात सुधारणा करतात, तरी हट्ट पुरता सुटलेला नाही.

उपाय बोटाच्या टोकाशी आहे आणि माझ्या मते या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. पडद्यावर हव्या त्या जागी टेकवा, सूर्याची छोटी खूण दिसेल, ती वर किंवा खाली सरकवा. बर्फ असेल तर थोडी वर. सूर्यास्त, ढग, खिडकीतून आत येणारी तिरीप असेल तर खाली, मनाला वाटतं त्याहून थोडी जास्तच खाली.

खाली का? फोटोचा एखादा भाग पूर्ण पांढरा झाला की तिथली माहिती संपते. भरून वाहिलेल्या वाटीवरून पाऊस नेमका किती पडला हे सांगता येत नाही, तसंच. अंधारलेल्या भागात मात्र थोडं का होईना पाणी असतं आणि नंतर ते उजळून घेता येतं. म्हणून ढगांच्या कडा वाचवा, झाडाखालची सावली नंतर पाहता येईल.

फोन स्वतः यावर एचडीआर नावाचा तोडगा काढतो. गडद आणि उजळ फ्रेम एकत्र करून आकाशही राखायचं आणि सावलीही उजळायची, असा तो हिशेब असतो. दुपारच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांखालची काळी सावली यामुळे सुसह्य होते, हे खरं. पण सगळंच सारखं उजळलं की डोंगराची खोली नाहीशी होते. घळीतला काळोख हाच तर घळीचा आकार. फोन तो भरून काढतो आणि दृश्य पत्र्यावर रंगवल्यासारखं दिसू लागतं. एक्स्पोजरची खूण खाली ओढली की यातला बराचसा काळोख परत मिळतो.

## आकाशाचे तीन रंग

सुरुवातीच्या तिघांकडे परत येऊ. पांढरा कागद दिव्याखाली पिवळा आणि सावलीत निळसर दिसायला हवा, पण आपल्याला तो दोन्हीकडे पांढराच वाटतो. मेंदू आपोआप भरपाई करतो. फोनही तशीच भरपाई करतो. तिला व्हाइट बॅलन्स म्हणतात. दिव्याखालच्या कागदासाठी हे योग्यच. सूर्यास्ताला मात्र सगळीकडे पसरलेला केशरी रंग ‘चूक’ समजून फोन तो धुऊन काढायला बघतो. किती धुवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या आवडीनुसार ठरवलेलं असतं. तिघांची तीन आकाशं इथेच तयार झाली.

फोनच्या प्रो किंवा मॅन्युअल मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे दिवसाच्या उन्हावर, बांधून ठेवता येतो. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात; सुमारे ५५०० केल्विन हा आकडा दिसला तर तोच. तो मोड नसेल तर रंग थोडा उबदार करायचं काम नंतर संपादनात करा. मग आकाश केशरी राहतं, आणि पाच मिनिटांनी काढलेल्या फोटोत रंग खरोखर बदलला की फोनने बदलला, ही शंका उरत नाही.

## डोंगर टेकाडाएवढा का होतो?

इथे जरा निवांत थांबू, कारण प्रवासातले सर्वांत जास्त फोटो इथे बिघडतात आणि त्यात फोनचा दोष जवळजवळ नसतो.

फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेत ती २४ ते २६ मिलिमीटरच्या जवळपास बसते; हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद. अल्ट्रावाइड, म्हणजे फोनमधली त्याहून रुंद लेन्स, १३ ते १६च्या आसपास. रुंद लेन्समध्ये पुष्कळ जग मावतं आणि मावण्यासाठी प्रत्येक गोष्ट लहान व्हावी लागते. डोळा मात्र असा बघत नाही. डोंगरासमोर उभं राहिल्यावर आपलं लक्ष शिखरावर खिळतं. आजूबाजूची पायवाट, कुंपण, विजेचे खांब मेंदू बाजूला सारतो. फोन तसं काही करत नाही, सगळ्यांना सारखीच जागा देतो.

आता एक प्रयोग करा. सोबतच्या माणसाला डोंगरासमोर उभं करून दोन मीटरवरून साध्या लेन्सने फोटो काढा. मग सहा मीटर मागे जा, म्हणजे तुमच्यात आठ मीटरचं अंतर होईल, आणि तिथून चौपट झूमने पुन्हा काढा. दोन्ही फोटोंत माणूस तेवढाच दिसेल. डोंगर दुसऱ्या फोटोत चौपट मोठा झालेला असेल. कारण तुम्ही मागे गेलात तेव्हा माणसापासूनचं अंतर चौपट झालं, पण कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगराला सहा मीटरने काय फरक पडणार! झूमने दोघांनाही चौपट केलं. माणूस मूळ मापावर आला आणि डोंगर वाढला.

म्हणजे दोन वस्तूंचं एकमेकांशी नातं तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. झूम फक्त त्यातला किती तुकडा चौकटीत घ्यायचा ते ठरवतं. जागा बदलणं ही एकच गोष्ट अशी आहे की जिचा हिशेब कोणत्याही फोनला तुमच्या वतीने करता येत नाही. एखाद्या ठिकाणी पोचल्या पोचल्या फोन वर करण्याऐवजी आधी मागे-पुढे, वर-खाली चालून पाहा, असं मी कळकळीने सांगेन. गुडघ्यावर बसून पाहा. डबक्याच्या अगदी काठाशी फोन उलटा धरला, म्हणजे लेन्स पाण्याजवळ आली, तर एवढ्याशा पाण्यात अख्खा मनोरा उलटा दिसतो. फोन मोठ्या कॅमेऱ्याला हरवतो तो अशा जागी. दोन बोटांच्या फटीत जाणारी लेन्स आणि समोर मोठा पडदा मोठ्या कॅमेऱ्याला कुठून असणार?

चेहऱ्याचंही तसंच. अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, कारण नाक लेन्सला प्रमाणापेक्षा जवळ असतं. दीड-दोन मीटर मागे जाऊन दुप्पट झूमने काढा, चेहरा ओळखीचा दिसेल. आणि अल्ट्रावाइडने गटाचा फोटो काढताना कडेला कुणाला उभं करू नका. तिथे माणसं आडवी ताणली जातात.

## पण झूम केलं की फोटो फुटतो त्याचं काय?

झूम दोन जातींचं असतं. एकात दूरचं जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स असते. ती खरोखर जास्त तपशील आणते. दुसऱ्यात फोन मधला तुकडा कापून मोठा करतो. फुग्यावरची नक्षी फुगा फुगवला की मोठी होते, पण तिच्यात एकही नवी रेघ उमटत नाही. दुप्पट कापलं तर चौथा हिस्सा पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, उरतात, पाचपट कापलं तर पंचविसावा.

फोन यात एक गोष्ट गुपचूप करतो. तुम्ही टेलिफोटो निवडली, पण उजेड कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल, तर तो मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा कापून देतो, कारण टेलिफोटोमागचा सेन्सर लहान असतो आणि लेन्स कमी उजेड आत घेते. तुमचा फोन असं करतो का, हे पाहायचं तर टेलिफोटो निवडून त्या लेन्सवर बोट ठेवा. पडद्यावर चित्र तसंच दिसत राहिलं, तर ती लेन्स कामच करत नाहीये. व्यवहारात एवढंच लक्षात ठेवा: पडद्यावर दिसणारी १, २, ३ किंवा ५ अशी तयार बटणं वापरा, चिमटीने ३.७ वगैरे मधले आकडे गाठण्यात सहसा नुकसानच असतं.

## मेगापिक्सेल जास्त असले की फोटो चांगला, नाही का?

थोडक्यात, नाही. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० ठिपक्यांचा असतो. फोर-के टीव्हीला जेमतेम ८.३ मेगापिक्सेल लागतात. उत्तम दर्जाच्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तरी बारा मेगापिक्सेलमध्ये १३ × १० इंचांचा कागद भरतो.

मग ४८, १०८, २०० हे आकडे कशासाठी? तेवढ्याच सेन्सरवर वाट्या लहान आणि जास्त मांडल्या आहेत, इतकाच त्याचा अर्थ. उजेड कमी झाला की फोन चार, नऊ किंवा सोळा वाट्यांचं पाणी एकत्र ओततो आणि पुन्हा बारा-साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. भरपूर उन्हात मात्र मधल्या वाट्या सुट्या मोजून दुप्पट झूम बऱ्यापैकी स्वच्छ देता येतं. आकड्याचा खरा फायदा तिथे आहे.

## हे सगळं खोटं नाही का?

२०२३च्या मार्चमध्ये रेडिटवरच्या एकाने चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर ठेवलं आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या गॅलक्सी एस-२३ अल्ट्राने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरं फोटोत उमटली. कंपनीने खुलासा केला की चंद्र ओळखला की त्यातला तपशील वाढवणारी यंत्रणा काम करते आणि ती बंद ठेवता येते. हे चंद्राच्या बाबतीत जमतं, कारण चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते. पाठ केलेलं उत्तर लिहिता यावं, असा तो प्रश्न आहे.

यावरून ‘फोनचे सगळे फोटो बनावट’ असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही, पण त्यांची शंका झटकून टाकण्यासारखीही नाही. हिशेबाचे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. नऊ फ्रेमची सरासरी काढताना फोन समोरूनच आलेला उजेड मोजत असतो. ती मोजणी अधिक अचूक केलेली असते. शिकवलेल्या चित्रांवरून चंद्रावर विवरं उमटवताना तो समोरून न आलेली गोष्ट भरतो.

मधे मोठा धूसर पट्टाही आहे, आणि तो फोनच्याही आधीपासूनचा आहे. डिजिटल कॅमेऱ्यातली प्रत्येक वाटी लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजते. उरलेले दोन शेजारच्या वाट्यांवरून ताडले जातात, शब्दकोड्यातला रिकामा चौकोन आडव्या-उभ्या अक्षरांवरून भरावा तसे. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ सालचं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक डिजिटल फोटोतला दोन तृतीयांश रंग आधीपासूनच अंदाजाने भरलेला आहे. तो अंदाज शेजारच्या खऱ्या मोजणीला बांधलेला असतो, म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो.

पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड खोटा का? धूसरपणा नंतर घातलेला असतो, हे खरं. केसांच्या बटांशी आणि चष्म्याच्या काडीशी त्याची कात्री चुकते ती म्हणूनच. पण माणूस आणि जागा खरीच असते. आकाश बदलणं, नको असलेली माणसं पुसून तिथे नवी भिंत उभी करणं, याला मात्र मी प्रवासाचा फोटो म्हणणार नाही. कुणाला दाखवताना तसं सांगून दाखवावं.

ज्यांना फोनचा हस्तक्षेप कमीत कमी हवा, त्यांच्यासाठी रॉ फाइलची, म्हणजे फारसं संस्करण न झालेल्या कच्च्या फाइलची, सोय बऱ्याच फोनमध्ये असते. तीत टोकदारपणा आणि रंगाचे निर्णय कमी झालेले असतात, फाइल मात्र कित्येक पट मोठी होते. प्रत्येक फोटोसाठी ती वापरू नका. ज्या दृश्यासाठी पहाटे उठून चालत गेलात त्या दोन-चार फोटोंसाठी वापरा.

## मग मोठा कॅमेरा कुणी न्यावा?

दूरचे पक्षी आणि वन्यप्राणी, संध्याकाळच्या उजेडात पळणारं काहीही, भिंतभर छापायचे फोटो: यासाठी मोठ्या सेन्सरला आणि लांब लेन्सला पर्याय नाही. फोनची आणखी एक मर्यादा धावत्या गाडीतून दिसते. जवळचे खांब तिरके होतात, कारण सेन्सर अख्खं चित्र एकदम वाचत नाही, एकेक ओळ वाचत जातो. आपण पान वाचत असताना कुणी ते बाजूला ओढावं, तसं होतं. गाडीतून दूरचं दृश्य घ्या, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती हाताचा आडोसा करा, म्हणजे आतल्या दिव्यांची प्रतिबिंबं जातील.

उरलेल्या प्रवासासाठी फोन पुरेसा आहे, आणि ‘पुरेसा’ हे मी मन मारून म्हणत नाहीये. जो कॅमेरा जड म्हणून पिशवीच्या तळाशी जातो, त्याचे फोटो कधीच निघत नाहीत.

## फोनला न करता येणारा एक हिशेब

उजेड कसा आहे हे फोन मोजू शकतो. चांगला उजेड येण्याची वाट बघू शकत नाही. सूर्य क्षितिजालगत असतो तेव्हा त्याच्या किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावं लागतं. वाटेत निळा रंग विखुरतो, पिवळा-तांबडा पोचतो, आणि उजेड आडवा पडल्यामुळे गवताच्या पात्यालाही सावली मिळते. हा वेळ सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर विषुवदिनी सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. शेवटचे ६ अंश २४ मिनिटांत संपतात. ६० अंश अक्षांशावर त्याच दिवशी तो तिरका उतरतो आणि तेवढ्यालाच दुप्पट, म्हणजे ४८ मिनिटं लागतात. नव्या ठिकाणी जाताना सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ आणि दिशा आधी पाहून ठेवा, आणि विषुववृत्ताच्या जवळ असाल तर थोडे आधीच पोचा. सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. आकाशात निळा उजेड आणि खाली दिवे यांचं वजन सारखं होतं तेव्हा शहराचे सर्वांत सुंदर फोटो निघतात. फोनच्या लहानशा सेन्सरला ते फार मानवतं, कारण तेव्हा उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक कमी झालेला असतो.

भर दुपारी सावलीत शिरा. दरवाज्याच्या चौकटीत, झाडाखाली, अरुंद बोळात चेहऱ्यांवर मऊ उजेड असतो. आणि एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा टिपायचा असेल तर आधी विचारा; नजरेने आणि हाताच्या खुणेनेही विचारता येतं. नाही म्हणाला तर फोन खाली.

## काढण्याआधी आणि काढल्यानंतर

लेन्स पुसा. हे इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो, पण दिवसभर हाताळलेल्या फोनच्या काचेवर बोटांचं तेल असतं. दिव्यांभोवती पसरणाऱ्या लांब रेघा आणि धुरकट कडा बहुतेक त्याच्याच असतात. मऊ सुती कापड पुरतं.

कडक थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते; फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. थंडीतून उबदार खोलीत आल्यावर काचेवर दव धरतं, ते आपोआप जाऊ द्या. तळपत्या उन्हात पडदा मंदावला किंवा कॅमेरा बंद पडला तर फोन तापलाय असं समजून सावलीत थांबा.

मेसेजिंग ॲपमधून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. मूळ दर्जा हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मात्र मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि बहुधा जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. हेच आकडे पुढे वर्षांनी फोटो नकाशावर शोधायला कामी येतात, आणि हेच तुम्ही आत्ता कुठे मुक्कामी आहात ते अनोळखी माणसालाही सांगतात. शेअर करण्याच्या पडद्यावर लोकेशन काढून टाकायचा पर्याय असतो. तो आधी शोधून ठेवा.

आणि रोज रात्री फोन चार्जिंगला लावताना दिवसभराचे फोटो दुसऱ्या कुठेतरी उतरवा: वायफाय असेल तर क्लाउडवर, नसेल तर फोनला जोडता येणाऱ्या छोट्या ड्राइव्हवर. तो ड्राइव्ह फोनच्या पिशवीत ठेवू नका.